पराभवोत्तर पत्रकार परिषद

पराभवोत्तर पत्रकार परिषद म्हणजे सामना किंवा स्पर्धा हरल्यानंतर पराभूत खेळाडू, कर्णधार अथवा प्रशिक्षक यांनी वार्ताहरांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचा औपचारिक कार्यक्रम होय. नियमपुस्तिकांत तिला वेगळे नाव नाही. सामन्यानंतरच्या पत्रकार परिषदेचे बंधन विजेत्यावर आणि पराभूतावर सारखेच असते. व्यवहारात मात्र या दोन पूर्णपणे भिन्न गोष्टी आहेत. विजेत्याला बहुधा वर्णन विचारले जाते, तर पराभूताकडे स्पष्टीकरण मागितले जाते, आणि तेही अशा वेळी, की ज्या वेळी त्याला स्वतःलाच पराभवाचे कारण पुरते उमगलेले नसते.

टेनिस, क्रिकेट, फुटबॉल, बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉल या व्यावसायिक खेळांत ही प्रथा रुजलेली आहे. एकविसाव्या शतकात, विशेषतः २०२१ मधील नाओमी ओसाका प्रकरणानंतर, खेळाडूंचे मानसिक आरोग्य, वार्ताहरांचा माहितीचा अधिकार आणि प्रक्षेपण हक्कांचे अर्थकारण या तिन्ही अंगांनी तिच्यावर वाद झाला.

स्वरूप

पराभूत खेळाडूला माध्यमांसमोर एकदाच नव्हे, तर अनेकदा टप्प्याटप्प्याने उभे राहावे लागते. क्रिकेटमध्ये पारितोषिक वितरणाच्या वेळी समालोचक प्रथम पराभूत कर्णधाराला बोलावतो आणि विजेत्या कर्णधाराची पाळी त्यानंतर येते. फुटबॉलमध्ये प्रक्षेपण हक्क विकत घेतलेल्या वाहिन्या मैदानालगत प्रायोजकांच्या फलकासमोर छोटी मुलाखत घेतात. तिला फ्लॅश मुलाखत म्हणतात. यानंतर मुख्य पत्रकार परिषद होते. तीत टेबल, ध्वनिक्षेपक, शेजारी बसलेला माध्यम अधिकारी आणि समोर वार्ताहरांच्या रांगा असतात. कोणाला प्रश्न विचारू द्यायचा आणि कार्यक्रम केव्हा थांबवायचा, हे माध्यम अधिकारी ठरवतो.

ऑलिंपिकमध्ये याहून वेगळी व्यवस्था आहे. स्पर्धा संपताच खेळाडूला कठड्यांनी आखलेल्या मार्गिकेतून बाहेर पडावे लागते. हिला मिक्स्ड झोन असे नाव आहे. कठड्याच्या एका बाजूस खेळाडू आणि दुसऱ्या बाजूस वार्ताहर असतात. हक्कधारक वाहिन्या प्रथम, मग वृत्तसंस्था आणि शेवटी वृत्तपत्रे, असा साधारण क्रम असतो. पदक हुकलेला खेळाडू बहुधा येथेच गाठला जातो, कारण मुख्य पत्रकार परिषद पदकविजेत्यांसाठी राखीव असते. उत्तेजक द्रव्य चाचणीसाठी निवड झालेल्या खेळाडूसोबत या सर्व काळात देखरेख करणारी व्यक्ती चालत असते. थोडक्यात, हरल्यानंतरचा पहिला एकांत खेळाडूला बऱ्याच उशिरा मिळतो.

उत्तर अमेरिकेत वार्ताहरांना थेट ड्रेसिंग रूममध्ये प्रवेश देण्याची जुनी रीत आहे. या प्रवेशाचे महत्त्व १९७७ च्या वर्ल्ड सिरीजच्या वेळी न्यायालयापर्यंत पोहोचले. स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड साप्ताहिकाची वार्ताहर मेलिसा लुडके हिला ती स्त्री असल्यामुळे ड्रेसिंग रूममध्ये जाऊ दिले गेले नाही. पुरुष वार्ताहर खेळाडूंशी आत बोलत असताना तिला बाहेर थांबावे लागे. १९७८ मध्ये न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांनी यँकी स्टेडियमपुरता तिच्या बाजूने निकाल दिला. सामना संपल्यावरचे खेळाडूचे बोलणे हा वार्ताहराच्या कामाचा आवश्यक भाग आहे, हे या खटल्यामुळे अधोरेखित झाले.

पूर्वपीठिका

क्रिकेटमध्ये दीर्घकाळ नेमकी उलट परिस्थिती होती. दौऱ्यावरील खेळाडूंनी वृत्तपत्रांशी बोलू नये, असा दंडक असे आणि जे काही सांगायचे ते संघाचा व्यवस्थापक सांगे. जानेवारी १९३३ मध्ये ॲडलेड येथील ‘बॉडीलाइन’ कसोटीत इंग्लंडचे व्यवस्थापक पेल्हम वॉर्नर जखमी ऑस्ट्रेलियन कर्णधार बिल वुडफुल यांची विचारपूस करण्यास ड्रेसिंग रूममध्ये गेले. मैदानावर दोन संघ असून त्यांपैकी एकच क्रिकेट खेळत आहे, अशा आशयाचे उत्तर वुडफुल यांनी त्यांना दिले. हे बोलणे वृत्तपत्रांत फुटले आणि मोठा गहजब झाला. तो आशयापेक्षाही ते बाहेर आलेच कसे, यावर अधिक झाला. ज्या तक्रारीसाठी आज कर्णधाराला टेबलासमोर बसवून ध्वनिक्षेपक पुढे केला जातो, तीच तक्रार बाहेर पडणे तेव्हा विश्वासघात मानले गेले होते.

दूरचित्रवाणीच्या प्रसाराबरोबर ही स्थिती पालटली. प्रक्षेपण हक्कांच्या किमती वाढल्या आणि सामन्याबरोबर सामन्यानंतरचे बोलणेही विक्रीचा भाग झाले. खेळाडूमागे दिसणारा प्रायोजकांचा फलक हा त्या व्यवहाराचा सर्वांत उघड पुरावा होय.

नियम आणि दंड

टेनिसमधील चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांना लागू असलेला नियम स्पष्ट आहे. खेळाडू जिंको वा हरो, जखमी होऊन शारीरिकदृष्ट्या असमर्थ नसेल, तर त्याने सामना संपताच किंवा ३० मिनिटांच्या आत पत्रकार परिषदेला आले पाहिजे. न आल्यास २०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ओसाका प्रकरण घडले तेव्हा शारीरिक दुखापत हीच सबब या नियमाने गृहीत धरलेली होती आणि पुढील वादाचे मूळ याच शब्दात होते.

६ सप्टेंबर २०२० रोजी अमेरिकन ओपन स्पर्धेत नोव्हाक जोकोविचने मारलेला चेंडू रेषा पंचाच्या गळ्याला लागला आणि त्याला स्पर्धेतून बाद करण्यात आले. तो पत्रकार परिषदेला न थांबता निघून गेला. गैरवर्तनाच्या दंडाखेरीज पत्रकार परिषद टाळल्याबद्दल त्याला ७,५०० डॉलरचा वेगळा दंड झाला. त्याने त्याच दिवशी समाजमाध्यमावर माफी मागितली होती. परंतु लेखी निवेदन हे प्रश्नोत्तरांना पर्याय ठरत नाही, अशी आयोजकांची भूमिका या दंडातून दिसते.

अमेरिकन फुटबॉलमध्ये मार्शॉन लिंच या खेळाडूला माध्यमांशी बोलण्यास नकार दिल्याबद्दल नोव्हेंबर २०१४ मध्ये १,००,००० डॉलर भरावे लागले. पुढच्या जानेवारीत सुपर बोलपूर्व माध्यम दिनाला तो आला खरा. पण दंड होऊ नये म्हणूनच आपण येथे आलो आहोत, हे एकच वाक्य तो प्रत्येक प्रश्नाला उत्तर म्हणून सांगत राहिला. नियमाने खेळाडूची उपस्थिती मिळवता येते, उत्तर मिळवता येत नाही, हे यापेक्षा चोखपणे क्वचितच कोणी दाखवले असेल. १ फेब्रुवारी २०१५ रोजी त्याचा सिअॅटल सीहॉक्स संघ तो सामना २४–२८ असा हरला. शेवटच्या क्षणी गोलरेषेलगत चेंडू लिंचकडे न देता फेकण्यात आला आणि तो प्रतिस्पर्ध्याने पकडला. लिंचला चेंडू का दिला नाही, हा त्या रात्रीचा एकमेव प्रश्न होता. त्याचे उत्तर प्रशिक्षक पीट कॅरल यांनी दिले आणि निर्णयाची जबाबदारी सर्वस्वी स्वतःवर घेतली.

गोल्फमध्ये असे सक्तीचे बंधन पूर्वापार नाही. २०११ च्या मास्टर्स स्पर्धेत शेवटच्या दिवसाच्या प्रारंभी चार फटक्यांनी आघाडीवर असलेला रोरी मॅकिलरॉय ८० फटक्यांची फेरी खेळून मागे पडला, तरी त्याने वार्ताहरांना उत्तरे दिली. दोन महिन्यांनी त्याने अमेरिकन ओपन आठ फटक्यांनी जिंकली, तेव्हा त्या दिवशीच्या वागण्याची आठवण सर्वांनी काढली. याच मॅकिलरॉयने २०२४ च्या अमेरिकन ओपनमध्ये अखेरच्या होल्सवर अगदी जवळचे पट हुकवून विजेतेपद गमावले, आणि तेव्हा मात्र तो कोणाशीही न बोलता निघून गेला. बंधन नसल्यामुळे दंडाचा प्रश्न उद्भवला नाही. चर्चा तेवढी झाली.

नाओमी ओसाका प्रकरण

जपानची टेनिसपटू नाओमी ओसाका मे २०२१ मध्ये जागतिक क्रमवारीत दुसऱ्या स्थानावर होती. फ्रेंच ओपन सुरू होण्यापूर्वी, २६ मे रोजी, तिने या स्पर्धेत आपण पत्रकार परिषदा घेणार नसल्याचे जाहीर केले. पराभूत खेळाडू पत्रकार परिषदेत कोसळल्याची अनेक दृश्ये आपण पाहिली असून, पडलेल्या माणसाला लाथ मारण्याचाच हा प्रकार वाटतो, असा तिच्या निवेदनाचा आशय होता. ३० मे रोजी तिने पहिल्या फेरीत रुमेनियाच्या पॅट्रिशिया मारिया त्सिगला हरवले आणि पत्रकार परिषद टाळली. तिला १५,००० डॉलर दंड झाला. चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या आयोजकांनी संयुक्त पत्रक काढून, हे असेच चालू राहिल्यास स्पर्धेतून बाद करण्याची आणि पुढील स्पर्धांत बंदी घालण्याची शक्यता सूचित केली. ३१ मे रोजी ओसाकाने माघार घेतली. २०१८ च्या अमेरिकन ओपननंतर आपल्याला नैराश्याच्या दीर्घ झटक्यांना तोंड द्यावे लागले, असे तिने त्या वेळी प्रथमच सांगितले.

येथे एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. ओसाका ज्या सामन्यानंतर गैरहजर राहिली, तो तिने जिंकलेला होता. तिचा आक्षेप एखाद्या बोचऱ्या प्रश्नाला नव्हता. उद्या हरल्यावर याच खोलीत, याच खुर्चीत बसावे लागणार आहे, ही आधीपासून सतावणारी जाणीव हा तिच्या तक्रारीचा गाभा होता. आयोजकांचे उत्तरही सर्वस्वी गैरलागू म्हणता येत नाही. एका खेळाडूला सूट दिली तर उरलेल्यांवर अन्याय होतो, आणि नामांकित खेळाडू बोलले नाहीत तर लहान वृत्तपत्रांना व दुय्यम क्रमांकाच्या खेळाडूंना त्याची झळ बसते, या म्हणण्यात तथ्य आहे. नियमाचा खरा दोष असा की, घोटा मुरगळल्यास मिळणारी सवलत मन खचल्यास मागण्याची सोयच त्यात नव्हती. जुलै २०२१ मध्ये टाइम नियतकालिकातील लेखात ओसाकाने नेमका हाच मुद्दा मांडला. इतर नोकरदारांप्रमाणे खेळाडूंनाही कारण न सांगता वर्षातून काही दिवस या कामातून रजा घेता यावी, असे तिने सुचवले.

ऑगस्टमध्ये ती पत्रकार परिषदांना परतली. ३ सप्टेंबर २०२१ रोजी अमेरिकन ओपनच्या तिसऱ्या फेरीत कॅनडाच्या लेला फर्नांडिसने तिला हरवले. त्यानंतर बोलताना तिला रडू आले. संचालकाने कार्यक्रम आवरता घेण्याचा प्रयत्न केला. परंतु ओसाकाने त्याला थांबवून आपले बोलणे पुरे केले. जिंकल्यावर आता आनंदापेक्षा सुटकाच जाणवते, हरल्यावर मात्र फार दुःख होते, आणि म्हणून आपण काही काळ खेळापासून दूर राहणार आहोत, असे तिने सांगितले. या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे विधान अशा रीतीने एका पराभवोत्तर पत्रकार परिषदेतच केले गेले. फरक एवढाच की, त्या वेळी केव्हा थांबायचे ते तिने ठरवले.

भारतीय क्रिकेट

भारतात या प्रथेची चर्चा बहुतांशी क्रिकेटच्या संदर्भात होते. ३१ मार्च २०१६ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताने २ बाद १९२ धावा केल्या. वेस्ट इंडीजने दोन चेंडू राखून ते आव्हान पार केले. पत्रकार परिषदेत एका ऑस्ट्रेलियन वार्ताहराने महेंद्रसिंह धोनीला निवृत्तीविषयी विचारले. धोनीने त्याला व्यासपीठावर बोलावून शेजारच्या खुर्चीत बसवले, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि उलट प्रश्न सुरू केले. आपण तंदुरुस्त दिसत नाही का, धावताना मंदावलो आहोत का, २०१९ च्या विश्वचषकापर्यंत टिकू का? वार्ताहराने अनुकूल उत्तरे देताच, मग तुम्हीच आपल्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे, असे म्हणून धोनीने विषय संपवला. सभागृहात हशा पिकला आणि ती चित्रफीत जगभर पाहिली गेली.

त्याच पत्रकार परिषदेत धोनी पराभवाच्या कारणांविषयीही बोलला होता. लेंडल सिमन्स दोनदा झेलबाद झाला होता. पण दोन्ही चेंडू नो-बॉल ठरले आणि तो ८२ धावांवर नाबाद राहिला. आपल्याला खंत आहे ती या दोन नो-बॉलची, असे धोनीने सांगितले. सामना का हरला, याचे हे थेट आणि तपासता येण्याजोगे उत्तर होते. ते आज फारसे कोणाला आठवत नाही. आठवतो तो खांद्यावरचा हात. पुढे धोनी २०१९ चा विश्वचषक खेळला. मँचेस्टर येथील न्यूझीलंडविरुद्धचा उपांत्य सामना भारत १८ धावांनी हरला आणि तोच धोनीचा अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला.

२४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत पाकिस्तानने भारताचा दहा गडी राखून पराभव केला. सलामीवीर रोहित शर्मा पहिल्याच चेंडूवर बाद झाला होता. त्याच्याऐवजी ईशान किशनला घ्यायला हवे होते का, असे विचारल्यावर कर्णधार विराट कोहलीने, तुम्ही रोहितला ट्वेंटी-२० संघातून वगळाल का, असा प्रतिप्रश्न केला आणि वाद हवा असेल तर आधी सांगत जा, असेही सुनावले. याच पराभवानंतर गोलंदाज मोहम्मद शमीवर त्याच्या धर्मावरून समाजमाध्यमांवर गलिच्छ टीका झाली. कोहली यावर बोलला तो ३० ऑक्टोबरला, पुढील सामन्याच्या पूर्वसंध्येला. एखाद्यावर धर्मावरून हल्ला करणे ही माणसाने करण्याची सर्वांत हीन गोष्ट आहे, असे त्याने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. पत्रकार परिषद ही केवळ खेळाडूला पिंजऱ्यात उभे करणारी जागा नसून, पराभवाचे खापर एकाच्या माथी फुटत असताना त्याला पाठीशी घालण्याचीही जागा आहे, हे या प्रसंगाने दाखवून दिले. मात्र दोहोंमध्ये सहा दिवस गेले, हेही खरे.

पराभवानंतर संघाने कोणाला पाठवायचे, हा निर्णय स्वतःच बोलका असतो. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबाद येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने भारताला सहा गडी राखून हरवले, तेव्हा पारितोषिक वितरणात कर्णधार रोहित शर्मा बोलला. पत्रकार परिषदेला मात्र प्रशिक्षक राहुल द्रविड आले. ड्रेसिंग रूममधील खेळाडूंची अवस्था प्रशिक्षक म्हणून पाहवत नव्हती, असे त्यांनी सांगितले.

एकाच कर्णधाराच्या तीन पराभवोत्तर उत्तरांची तुलना २०२४ च्या न्यूझीलंडविरुद्धच्या मालिकेत करता येते. बंगळूर कसोटीत १७ ऑक्टोबर रोजी ढगाळ हवेत नाणेफेक जिंकून भारताने फलंदाजी घेतली आणि संघ ४६ धावांत गारद झाला. मायदेशातील भारताची ही नीचांकी धावसंख्या होय. त्या दिवसाच्या खेळानंतर रोहित शर्मा स्वतः आला. खेळपट्टीवर फारसे गवत नसल्याने ती सपाट राहील असे वाटले, तिचा अंदाज घेण्यात आपली चूक झाली आणि निर्णय आपलाच असल्याने तो आकडा टोचतो, असे त्याने सांगितले. नाणेफेकीच्या निर्णयाविषयी नेमका प्रश्न आणि त्याला नेमके उत्तर, असा हा दुर्मीळ योग होता.

पुण्याजवळच्या गहुंजे येथील दुसरी कसोटी भारताने २६ ऑक्टोबर रोजी ११३ धावांनी गमावली. यासोबत मायदेशातील सलग १८ मालिकाविजयांची परंपरा खंडित झाली. या वेळी रोहितने फलंदाज किंवा गोलंदाज यांपैकी कोणालाही दोष न देता हे सामूहिक अपयश असल्याचे म्हटले. आणि बारा वर्षांत एखादे वेळी चालायचेच, असा हलका शेराही मारला. ३ नोव्हेंबर रोजी वानखेडेवर १४७ धावांचा पाठलाग करताना भारत १२१ धावांत आटोपला. मुंबईतच जन्मलेल्या एजाज पटेलने सामन्यात ११ बळी घेतले. तीन कसोटींची मालिका मायदेशात ०–३ अशी हरण्याची ही भारताची पहिलीच वेळ होती. तेथे रोहित म्हणाला की, फलंदाज आणि कर्णधार या दोन्ही नात्यांनी आपण कमी पडलो, आणि हा आपल्या कारकिर्दीतील फार खालचा बिंदू आहे. मालिकेतील सहा डावांत मिळून त्याच्या ९१ धावा झाल्या होत्या. पुण्यातील शेरा आणि मुंबईतील कबुली यांत आठ दिवसांचे अंतर आहे. पहिली बेफिकिरी आणि दुसरा पश्चात्ताप, असे सरळ समीकरण मांडण्याचा मोह अनेकांना झाला. तथापि पुण्यात प्रश्न एका पराभवाचा होता आणि मुंबईत संपूर्ण मालिकेचा. उत्तरांची जातकुळी बरीचशी प्रश्नांनी ठरवली.

पराभवाची कारणमीमांसा

यशापयशाची कारणे माणसे कशी लावतात, याचा अभ्यास मानसशास्त्रात ‘गुणारोपण सिद्धान्त’ या नावाने होतो. रिचर्ड लाऊ आणि डॅन रसेल यांनी वृत्तपत्रांच्या क्रीडा पानांतील खेळाडू व प्रशिक्षकांची विधाने तपासून १९८० मध्ये निबंध प्रसिद्ध केला. विजयाचे श्रेय स्वतःच्या संघाकडे जितक्या सहज घेतले जाते, तितक्या प्रमाणात पराभवाचे कारण स्वतःकडे घेतले जात नाही, असे त्यांना आढळले. दव, नाणेफेक, पंच आणि खेळपट्टी यांचा उल्लेख पराभूतांच्या तोंडी अधिक येतो, हा वाचकांचा रोजचा अनुभवही याला जुळणारा आहे.

याला अपवादही आहेत. १९९६ च्या मास्टर्समध्ये सहा फटक्यांची आघाडी गमावून निक फाल्डोकडून हरलेल्या ग्रेग नॉर्मनने सर्व दोष स्वतःकडे घेतला. ८ जुलै २०१४ रोजी बेलो होरिझोंते येथे जर्मनीकडून १–७ अशी हार पत्करल्यावर ब्राझीलचे प्रशिक्षक लुईझ फेलिपे स्कोलारी यांनी संघनिवड आणि डावपेच यांची जबाबदारी आपली असल्याचे सांगितले. १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवर न्यूझीलंडचा कर्णधार केन विल्यमसन यांच्यापेक्षाही विचित्र स्थितीत होता. सामना २४१–२४१ असा बरोबरीत सुटला, सुपर ओव्हरही १५–१५ अशी बरोबरीत राहिली आणि इंग्लंडचे चौकार-षटकार २६ विरुद्ध १७ असे अधिक असल्याने विजेतेपद तिकडे गेले. त्याला स्वतःची चूक सांगता येईना आणि नियमाला दोष देणे त्याने टाळले. सर्वांनीच तुमच्यासारखे सभ्य असावे का, या प्रश्नावर, प्रत्येकाला स्वतःसारखे असण्याची मुभा आहे, असे तो म्हणाला. तो नियम त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बदलण्यात आला.

प्रश्नातील गृहीतकच नाकारण्याचे उदाहरण एप्रिल २०२३ मधील आहे. अव्वल मानांकित मिलवॉकी बक्स हा बास्केटबॉल संघ पहिल्याच फेरीत आठव्या मानांकित मायामी हीटकडून १–४ असा हरला. हा हंगाम अपयशी मानता का, असे विचारल्यावर यानिस आंतेतोकुंपोने वार्ताहरालाच विचारले, तुम्हाला दरवर्षी बढती मिळते का? मायकल जॉर्डन पंधरा वर्षे खेळला आणि सहा वेळा विजेता ठरला, मग उरलेली नऊ वर्षे वाया गेली असे म्हणायचे का? हे उत्तर अनेकांना भावले. ते सामन्याविषयी काहीच सांगत नाही, अशी टीकाही झाली, आणि ती अगदीच निराधार नव्हती.

व्यासपीठाबाहेर

पराभवानंतरची खरी माहिती पुष्कळदा औपचारिक व्यासपीठावर मिळत नाही. रिओ ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २०१६ मध्ये महिलांच्या ४ × १०० मीटर मेडले रिले शर्यतीत चीनचा संघ चौथा आला. मुलाखतीच्या वेळी फू युआनहुई पोट धरून सहकाऱ्यांच्या मागे वाकून बसली होती. विचारपूस केल्यावर, काल रात्रीपासून पाळी सुरू झाल्याने थकवा आहे, पण ही सबब नव्हे, आपणच नीट पोहले नाही, असे तिने सांगितले. खेळाडूंच्या पाळीविषयी सार्वजनिकरीत्या क्वचितच बोलले जात असे. तिच्या या दोन वाक्यांवर चीनमध्ये आणि बाहेरही मोठी चर्चा झाली. तिला विचारलेला प्रश्न शर्यतीचा नव्हता, प्रकृतीचा होता.

जेथे अशी कोणतीच आखलेली व्यवस्था नसते, तेथे ध्वनिक्षेपक थेट आखाड्यात पोहोचतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागातील लढतीत पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चितपट झाल्याचा निर्णय शिवराज राक्षेने अमान्य केला आणि पंचांना लाथ मारली. त्याच्यावर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. आपले दोन्ही खांदे टेकले नव्हते आणि चित्रीकरण पाहून निर्णय द्यावा, हे त्याचे म्हणणे वृत्तवाहिन्यांवर लगोलग दाखवले गेले. टेनिसमधील ३० मिनिटांची मुदत येथे नव्हती. मध्यस्थी करणारा माध्यम अधिकारीही नव्हता.

भाषा आणि वार्तांकन

आंतरराष्ट्रीय पत्रकार परिषदा बहुधा इंग्रजीत होत असल्याने अनेक खेळाडूंना परक्या भाषेत पराभव समजावून सांगावा लागतो. बायर्न म्युनिकचे इटालियन प्रशिक्षक जोव्हान्नी त्रापातोनी यांनी संघ शाल्केकडून हरल्यानंतर दोन दिवसांनी, १० मार्च १९९८ रोजी, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये आपल्याच खेळाडूंवर जो भडिमार केला, त्यातील व्याकरणदृष्ट्या चुकीची वाक्ये जर्मन भाषेत वाक्प्रचार म्हणून रुळली. राग खरा होता, भाषा अपुरी होती आणि कदाचित म्हणूनच बोलण्यात गुळगुळीतपणा उरला नाही.

भारतात इंग्रजी आणि हिंदीतील प्रश्न आधी होतात. मुंबईच्या खेळाडूला मराठीत विचारलेला प्रश्न बहुधा शेवटी येतो आणि त्याचे उत्तर आधीच्या दोन उत्तरांपेक्षा ऐसपैस असू शकते. मराठी क्रीडा पानांवर मात्र या साऱ्याचे रूपांतर ठरावीक शब्दांत होते. फलंदाजीत आम्ही कमी पडलो, असे कर्णधार म्हणाला की ‘पराभवाचे खापर फलंदाजांवर’ असा मथळा तयार होतो. ‘आम्ही’ या सर्वनामात कर्णधार स्वतःला मोजत असतो. मथळ्यात तो त्यातून बाहेर पडतो. आणि हा मथळा सहकारी फलंदाज दुसऱ्या दिवशी सकाळी वाचतो.